ढलपीच्या दिवशी सगळे रजेवर

नको. नको म्हणजे नको, तो डबा आधी खाली ठेवा... अहो रुसलो नाही, दातांचंही काही नाही, बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत, म्हणजे एकोणतीस, पण ते जाऊ द्या. फक्त एक करा, डब्यातली एक ढलपी उचला, तिचा कागद उलगडा आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय ते मोठ्याने वाचा. चष्मा नाही? मग मी सांगतो, मला पाठ आहे. ‘आमच्या मालकांना एका दुपारी पडलेल्या स्वप्नातून साकार झालेली, लहानग्यांची लाडकी ढलपी.’ ऐकलंत? स्वप्नातून. आणि वर साकार. तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी तो कागद बघतोय आणि तीस वर्षं माझ्या पोटात दुखतंय, कारण त्या दुपारी कढईपुढे मी उभा होतो, मी, हे दोन हात घेऊन, आणि ढलपी ह्या हातांनी काढली. आणि कागदावर काय छापलंय? स्वप्न.

तुम्ही हसताय. माझी बायकोही अशीच हसते. म्हणते, तुम्हाला स्वतःच्या चहात साखर घातली की नाही ते आठवत नाही, तुम्ही कसली गोळी काढताय. आता चहाचा इथे काय संबंध? चहा घरी करतात, गोळी कारखान्यात करतात... पण ते जाऊ द्या. ‘जाऊ द्या’साठी आपल्यात दुसराही एक शब्द आहे, छोटासा, सगळे येताजाता वापरतात, तो मी तोंडातून काढत नाही. का, ते कळेलच.

तर ढलपीच्या आधी आमचा कारखाना एकच गोळी काढायचा. पांढरी, गोल आणि टणक. टणक म्हणजे किती टणक? आमच्या शेजारच्यांचं टेबल डुगडुगत होतं, त्यांनी पायाखाली आमची गोळी लावली, टेबल मोडलं पण गोळी तशीच. मालकांना त्याचा केवढा अभिमान. छाती काढून सांगायचे, "आपली गोळी सकाळी तोंडात टाकली की पोरगं संध्याकाळपर्यंत बोलत नाही, आईबाप दुवा देतात." आईबाप देत असतील दुवा, पण पोरं काही घेत नव्हती ती गोळी. घेतलीच तर खेळायला घ्यायची. मालाची पोती दुकानांतून जशीच्या तशी परत यायची, आणि आम्ही सात माणसं रोज सकाळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो, की कारखाना ह्या महिन्यात बंद होतोय की पुढच्या.

मी पाकवाला. साखर, ग्लुकोज, पाणी कढईत चढवायचं, थोडं लिंबूसत्त्व टाकायचं आणि पाकावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. पाक झाला की नाही ते कसं बघतात माहितीये? चमच्याने एक थेंब थंड पाण्यात टाकायचा आणि दातांखाली धरायचा. कट् वाजलं की उतरवायचा. चिकटला तर कच्चा. रंग बदलला, लालसर झाला, की गेला, मग तो पांढऱ्या गोळीच्या कामाचा नाही. हे मी सांगतोय एवढं सोपं नसतं बरं का, आठ वर्षं झाली होती मला तेव्हा त्या कढईपुढे, आणि आठ वर्षांत एकही पाक माझ्या हातून लाल झाला नव्हता. एकही नाही.

आमच्यावर देखरेखीला होते मेहुणे. मेहुणे म्हणजे मालकांच्या बायकोचा सख्खा भाऊ, मालकांचा मेहुणा, म्हणून आमचा साहेब. ह्यापलीकडे साहेब व्हायला त्यांच्याकडे काही होतं असं मला तरी दिसलं नाही. वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण बोलणं कसं? "ए पाकवाल्या, इकडे ये. ए पाकवाल्या, झारा कुठे ठेवलास." अरेतुरे. रोज. आठ वर्षं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर मी स्वतःच्या हाताने ‘श्रीयुत’ लिहून त्यांना दिली, तर म्हणतात, "तुझं लग्न होय? बरंय, कर." हे लक्षात ठेवा, सगळा घोटाळा ह्या अरेतुरेमुळेच झाला.

त्या दुपारी काय झालं... पॅकिंगच्या मावशी मला विचारत होत्या की त्यांची सून तीन दिवस जेवत नाहीये, काय असेल. आता मला काय माहीत? मी म्हटलं, मावशी, रागावली असेल. त्या म्हणाल्या, "कशावरून?" आणि मी मान वळवून, फक्त मान बरं का, त्यांना समजावून सांगितलं की सून का रागावते. ह्या समजावण्यात किती वेळ जातो तुम्हाला माहितीये. मी परत कढईत बघतोय, तर पाक लाल. अक्षरशः लाल. आठ वर्षांत पहिल्यांदा.

आता मी शहाणा माणूस. मी आपल्या मनाने काही केलं नाही. मेहुणे तिथे पंधरा पावलांवर उभे होते, भिंतीवरच्या फोनवर बोलत होते, पाठ माझ्याकडे. भट्टीच्या पंख्याचा हा घोंगाट. मी ओरडलो, "साहेब, पाक लाल झाला, काय करू?" काही नाही. परत ओरडलो, "साहेब, पाक गेला, काय करू?" आणि तिकडून आवाज आला, स्पष्ट, मी देवाशप्पथ सांगतो, स्पष्ट: "सोडा."

झालं. निघाला तोंडातून तो शब्द.

आता मी काय विचार केला ते नीट ऐका, कारण ह्यात माझी चूक असेल तर इथेच सांगा. सोडा म्हणजे दोन गोष्टी. एक, तो विषय सोडा, जाऊ द्या. दुसरा, खायचा सोडा, ज्याचं अर्धं पोतं माझ्या डाव्या हाताला उभं होतं, कारण आम्ही तांब्याच्या कढया त्यानेच घासायचो. ह्यातला कुठला? मी म्हटलं, अरे, हा माणूस मला आठ वर्षं अरेतुरे करतोय. ह्याला ‘जाऊ दे’ म्हणायचं असतं तर हा काय म्हणाला असता? ‘सोड.’ ‘सोड रे’ म्हणाला असता. फार तर ‘सोड की मेल्या’ म्हणाला असता. मला ‘सोडा’ म्हणणं, आदराने, हे ह्या माणसाकडून ह्या जन्मात शक्य नाही. म्हणजे हा क्रियापद बोलत नाहीये, हा वस्तू सांगतोय. सांगा, बरोबर की नाही? व्याकरणात कुठे चुकलो मी?

तरी मी खात्री केली हो. मी ओरडलो, "साहेब, किती?" तर तिकडून, "अहो, सगळं सोडा आता!"

सगळं. मी पोतं उचललं आणि उलटं केलं.

नंतर कळलं, ते सासऱ्यांशी बोलत होते. सासऱ्यांचं एक कपाट ह्यांच्याकडे पडून होतं, ते सासरे परत मागत होते, आणि हे म्हणत होते, सोडा तो विषय. सासरे म्हणून आदर. जन्मात एकदा तो माणूस कोणाशी नीट बोलला, आणि ते माझ्या कढईत पडलं.

पुढचं काय सांगू... पाकात सोडा पडला, आत लिंबूसत्त्व आधीच होतं, आणि कढई एकदा खोल श्वास घेतल्यासारखी गप्प झाली. मला वाटलं, चला, निभावलं. आणि मग ती वर आली. सोनेरी, फुगत, फसफसत, काठाच्या वर, माझ्या कमरेएवढी, आणि मी मागे उडी मारली, मावशींनी सुनेचा विषय तिथेच टाकून बाहेर धाव घेतली. फेस खाली उतरला, जमिनीवरून निघाला, गोळ्या थंड करायच्या टेबलाखालून गेला, कारकुनाच्या खुर्चीपाशी पोचला, कारकून खुर्चीवर चढला, पण हजेरीचं बुक खाली पडलं आणि फेसात गेलं. आजतागायत ते बुक उघडलेलं नाही. तिथून फेस मालकांच्या खोलीच्या दाराखालून आत. आतून मालकांचा आवाज, "कोण आहे? आत या." बिचाऱ्यांना वाटलं कोणी भेटायला आलंय. तोवर तो निवत आला होता म्हणून बरं, भाजलं कोणाला नाही, पण मालकांची चप्पल जी टेबलाखाली चिकटली ती चिकटली. मालक अनवाणी बाहेर आले आणि एकच प्रश्न विचारला. "कोणी केलं?"

तुम्हाला सांगतो, माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी बघतोय, मालक थरथरतायत, आणि मेहुणे हातातला फोन हळूच जागेवर ठेवून माझ्याकडे बोट करायच्या बेतात आहेत, आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं की सोडा कोणी म्हटलं. बोट परत खिशात.

तासाभरात भिंतीवर सूचना लागली. ‘सदर प्रकारास जबाबदार असणाऱ्या इसमास कामावरून कमी करण्यात येईल. प्रत्येकाने आपण त्या वेळी कुठे होतो ते लेखी द्यावे.’ चौकशी समिती नेमली. अध्यक्ष कोण? मेहुणे. आणि मग काय झालं माहितीये? सातच्या सात जणांनी लेखी दिलं की त्या दिवशी आम्ही कामावर नव्हतोच. मावशींनी दिलं, सुनेला डॉक्टरकडे नेलं होतं. दोघा गोळीवाल्यांनी दिलं, एकमेकांना भेटायला एकमेकांच्या घरी गेलो होतो. कारकुनाने, जो समोर बसून आमचे कागद घेत होता, त्याने स्वतःचा कागद घातला की तो परगावी आहे. मेहुण्यांनी समितीच्या अध्यक्षाला, म्हणजे स्वतःलाच, कळवलं की ते दातांच्या डॉक्टरकडे होते. हजेरीचं बुक पाकात चिकटलेलं, म्हणजे खोटं ठरवणार कोण? मी पण लिहिलं. रजेचं कारण असं सणसणीत लिहिलं की पुन्हा कोणी एका शब्दाने विचारणार नाही. कोणतं, ते जाऊ द्या. समितीचा निकाल लागला: घटनेच्या वेळी कारखान्यात मालकांशिवाय कोणीही हजर नव्हते. फाईल बंद.

मी घरी गेलो. पँटला गुडघ्यापर्यंत सोनेरी जाळी. बायको म्हणाली, "हे काय?" मी म्हटलं, "रंगकाम चालू आहे." तिथे चुकलो. तिथे खरं बोललो असतो तर आज निदान घरात एक साक्षीदार असता.

इकडे तो वाळलेला फेस काढायचा कसा? पहारीने फोडला. ढलपे निघाले, भिंतीचे निघतात तसे, मोठेमोठे, आत जाळी जाळी. पोत्यांत भरून मागच्या भिंतीपलीकडे टाकले. भिंतीपलीकडे काय होतं? शाळा. मधल्या सुट्टीत पोरांनी ढीग बघितला, एकाने चाटून बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकापुढे दीडशे पोरं. "ढलपी द्या, ढलपी द्या." मालक खिडकीतून ओरडले, "आम्ही ढलप्या विकत नाही, आम्ही गोळ्या करतो." पोरं म्हणाली, "गोळी तुम्हीच खा."

दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या, संतापून. "अहो, वर्गात प्रश्न विचारला की उत्तर येत नाही, नुसता कुर्रकुर्र आवाज येतो. हे काय खायला घालताय मुलांना?" मालक हात जोडून उभे. बाई म्हणाल्या, "मला तपासायला पाहिजे." तपासायला एक तुकडा दिला. बाईंनी तपासला. डोळे मिटून तपासला. म्हणाल्या, "एकावरून कळत नाही." मग पिशवीभर घेऊन गेल्या तपासायला.

मालकांच्या डोक्यात उजेड पडला. संध्याकाळी दुसरी सूचना. ‘सदर प्रकारास जबाबदार असणाऱ्या इसमाने त्वरित पुढे यावे.’ आता तुम्हीच सांगा, कोण जाईल पुढे? पहिली सूचना तिथेच शेजारी लावलेली. एकीत म्हणताय काढून टाकतो, दुसरीत म्हणताय या पुढे. आम्हाला वाटलं सापळा आहे. आणि पुढे गेलो तरी सांगणार काय, मी तर रजेवर होतो, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं तसं. म्हणजे कारखान्यात एक अशी गोळी तयार झाली होती जी सगळ्यांना हवी होती, आणि ती कशी करायची हे माहीत असलेला माणूस लेखी गैरहजर होता.

मग मेहुण्यांनी प्रयोग सुरू केले. मी कढईपुढे उभा, ते शेजारी, आणि हुकूम: "ए पाकवाल्या, दूध टाक." टाकलं. नासलं. "अंडी टाक." टाकली. पाकातलं ऑम्लेट तुम्ही खाल्लं नसेल, खाऊ नका. तिसऱ्या दिवशी ते सायकलचा पंप घेऊन आले, की आत हवा भरू. पाकात हवा. माझ्या डोळ्यांदेखत चांगला, कट् वाजणारा पाक, त्याच्यात तो माणूस पंप मारतोय, आणि पोतं डाव्या हाताला उभं आहे, नवीन आणलेलं, भरलेलं. ह्यांनी तोंडाने सांगितलेलं, ह्यांनाच आठवत नाही. की आठवत होतं आणि बोलायचं नव्हतं? ते मला अजून कळलेलं नाही. पण सांगतो, पाक वाया जाताना बघणं माझ्याच्याने होत नाही. पाच दिवस मी सोसलं. सहाव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी मालकांच्या खोलीत गेलो.

मालक खुर्चीत बसलेले, अनवाणीच, समोर कोरा कागद. मी म्हटलं, मालक, सहज आलो. बसा म्हणाले. मी म्हटलं, "मालक, मला आपलं वाटतं... मी नव्हतो त्या दिवशी, तुम्हाला माहितीये... पण समजा, एखाद्याने चुकून, कढईत काहीतरी टाकलं असेल."

"काय टाकलं असेल?"

"मला काय माहीत, मी रजेवर. पण समजा, जवळपास असलेलं काहीतरी. आपण कढया कशाने घासतो, मालक?"

"राखेने."

"नाही. पांढरं असतं."

"मीठ?"

"मीठ फसफसत नाही, मालक. फसफसणारं पांढरं. लिंबू पडलं की फसफसणारं. जे कारकून पोट बिघडलं की पाण्यातून घेतो ते."

मालकांनी डोळे मिटले. एक मिनिट, दोन मिनिटं. मला वाटलं झोप लागली, आणि खरं सांगतो, घोरल्याचा आवाज मी ऐकला. मग एकदम डोळे उघडून ताडकन उभे राहिले. "सोडा. अरे, सोडा. मला दिसलं."

मी म्हटलं, "वा मालक, काय सुचलं तुम्हाला."

हे माझे शब्द. माझे. तिसऱ्या माणसाने म्हटलेले नाहीत. आणि मालक खोटारडे नाहीत हो, तेच तर दुःख आहे. मालकांना मनापासून, शंभर टक्के वाटतं की डोळे मिटल्यावर त्यांना ढलपी दिसली. मी समोर उभा होतो हे त्यांच्या स्वप्नात आलंच नाही.

नंतरचं तुम्हाला माहितीये. गोळीला त्यांनी आधी नाव ठेवलं होतं ‘सुवर्णजाळी’. पोरं दुकानात जाऊन मागायची ढलपी. दुकानदार म्हणायचा, सुवर्णजाळी आहे. पोरं म्हणायची, ढलपी नसेल तर राहू दे. महिनाभरात कागद बदलला. कारखान्याला मजला चढला, दुसरा मजला चढला, सात माणसांची दोनशे झाली. मेहुण्यांना काचेची खोली मिळाली. मी? मी पाकवाला. पाच वर्षांनी मोठा पाकवाला. आज कुठेही जा, दुकानात, गाडीत, दवाखान्यात, कुठल्याही पोराचा गाल फुगलेला बघा, आत माझी ढलपी आहे. मी थांबतो. बघतो. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. आणि मग ते पोरगं कागद टाकतं, आणि मी तो उचलतो, आणि कागदावर काय छापलंय? स्वप्न.

सांगून बघितलं हो. बायकोला सांगितलं, महिन्याभराने. म्हणाली, "आता गोळी चालली म्हणून सांगताय. तेव्हा तर रंगकाम होतं." मित्रांना सांगितलं, ते म्हणाले आमच्या मेव्हण्यानेही असंच एक काढलंय. मावशींना म्हटलं, मावशी, तुम्ही तर होतात, तुम्ही सांगा. मावशींनी कानांवर हात ठेवले, "मी सुनेला घेऊन डॉक्टरकडे." मी म्हटलं, मावशी, ते आपण खोटं लिहिलं होतं. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू खरंच गेल्या होत्या. इतकी वर्षं तेच सांगून त्यांना डॉक्टरचा चेहरासुद्धा आठवायला लागलाय.

मग आला गेल्या आठवड्यातला समारंभ. ढलपीला तीस वर्षं झाली. मोठा हॉल, खुर्च्या, मंडप, सगळ्यांनी कुटुंबासह यायचं. मी बायकोला घेऊन गेलो, सासूबाईंना घेऊन गेलो. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, ऐकायला कमी येतं, म्हणून पहिल्या रांगेत बसवलं. मालक आता थकलेत, काठी लागते. उभे राहिले आणि सुरू झाले. "त्या दुपारी मी डोळे मिटले..." आणि तुम्हाला सांगतो, मला काय झालं ते मला माहीत नाही. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. मी उठलो. दोनशे माणसांपुढे, बायकोपुढे उठलो आणि म्हटलं, "मालक, माफ करा, पण ते स्वप्न नव्हतं. कढईपुढे मी होतो. सोडा मी टाकला."

ढलपी खाणारेसुद्धा चावायचे थांबले. मालक माझ्याकडे बघत राहिले, गोंधळून, मला त्यांची दया आली. आणि मंचावरून मेहुणे उठले, माइक घेतला, आणि काय सांगू, अडतीस वर्षांत पहिल्यांदा मला म्हणाले, "अहो पाकवाले, तुम्ही म्हणता ते आपण तपासून बघू. फाईल आहे." अहो म्हणाले. तुम्ही म्हणाले. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

फाईल आली. कारकून तोच, आता केस पांढरे. एकेक कागद काढून माइकवर वाचतोय. मावशी, डॉक्टरकडे. गोळीवाले, एकमेकांकडे. कारकून, परगावी... आणि मग माझा कागद. त्यात काय लिहिलंय ते मला त्या क्षणी आठवलं. मी म्हटलं, राहू द्या, माझं चुकलं, मी बसतो. मेहुणे म्हणाले, "नाही नाही, तुमच्यावर अन्याय नको. वाचा."

कारकुनाने वाचलं. "‘माझ्या सासूबाई आज पहाटे अचानक वारल्यामुळे मी कामावर हजर राहू शकलो नाही. त्या मला आईसारख्या होत्या. त्यांचे शेवटचे शब्द होते, जावईबापू, कामाकडे लक्ष द्या.’"

मी बायकोकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. पण पहिल्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा, खणखणीत. "कोण गं वारलं?"

बायको म्हणाली, "तू."

"कधी?"

"तीस वर्षं झाली."

"मग मला कोणी कळवलं नाही ते."

हॉल हसून हसून आडवा झाला. मालकसुद्धा हसले, डोळे पुसले आणि राहिलेलं स्वप्न सांगून पुरं केलं. समितीने तिथल्या तिथे नोंद केली की ‘सदर इसम त्या दिवशी दुःखात असल्याने कारखान्यात असणे संभवत नाही.’ मला नारळाएवढा ढलपीचा डबा मिळाला. मागे छापलेलं आहेच.

घरी बायको बोलत नाही. आज नववा दिवस. पोळीभाजी... म्हणजे ताट समोर आदळते आणि जाते. बरोबर आहे तिचं, तिची आई आहे. मी काय तोंड दाखवणार? मी बाहेरच्या खोलीत एकटा बसून असतो. तर परवा सासूबाई आल्या, भिंतीला धरत धरत, समोर बसल्या, डबा उघडला, एक ढलपी तोंडात टाकली, बराच वेळ कुर्रकुर्र चाललं. मग म्हणाल्या, "जावईबापू, ही गोळी तुम्हीच काढलीत. माझी खात्री आहे."

तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं. तीस वर्षांत पहिलं माणूस. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "कशावरून म्हणता, सासूबाई?"

म्हणाल्या, "माझे शेवटचे शब्द इतके चांगले बनवलेत, तुम्हाला गोळी बनवणं काय अवघड. बनवण्यातच तुमचा हात आहे."

मी म्हटलं, कसं का असेना, पटलं ना तुम्हाला? मग एवढं करा, तुमच्या मुलीला सांगा. मालकांना सांगा. मी तुम्हाला रिक्षाने नेतो कारखान्यात, समितीपुढे फक्त एवढं बोला, की ह्यानेच काढली. तुमचं वय बघून ऐकतील.

सासूबाईंनी कागदाची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. "मी सांगून काय उपयोग, जावईबापू? फाईलमध्ये मी मेलेली आहे."

आता बोला. सगळ्या जगात माझ्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस निघालं, आणि ते मीच लेखी मारून ठेवलंय.